आंबलंय की आंबवलंय?

मागच्या अंकात जाता जाता सावर, म्हणजे मुद्दाम आंबट केलेल्या बियरचा उल्लेख केला आणि काही विचारायचं असेल तर लिहा म्हटलं, तर एवढे मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यातच जातंय. वाइनवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

प्रश्न : पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत मित्रांनी सहा छोट्या ग्लासांचा ट्रे मागवला. त्यातली एक बियर इतकी आंबट की कुणी लिंबू पिळलंय असं वाटलं. परत करायला गेलो तर वेटर म्हणाला, सर ती सावरच आहे. मग साधी लागर घेतली, तर तीही जराशी आंबट. तर म्हणे हीपण अशीच असते. नक्की खराब कोणती होती? — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : पहिली ठीक होती, दुसरीत गडबड होती. वेटरने एकच उत्तर दोन्हीला चिकटवलं, बाकी काही नाही.

असं बघा, दूध नासतं तेव्हा आंबट होतं आणि दही लागतं तेव्हाही आंबट होतं, पण आपण दोन्हीला एका मापाने मोजत नाही ना. सावर बियर म्हणजे विरजण लावलेली बियर समजा. इथल्या ब्रुअरीत बहुतेक वेळा ती झटपट पद्धतीने करतात, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी काढायचं, ते 35 ते 45 अंशांपर्यंत कोमट ठेवायचं, त्यात लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यातल्यासारखे बॅक्टेरिया सोडायचे आणि दिवस-दोन दिवस शांत बसायचं. थंडीत इडलीचं पीठ फुगावं म्हणून आपण डबा ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवतो तसंच. हवा तेवढा आंबटपणा आला की उकळी द्यायची, बॅक्टेरिया मेले, आंबटपणा राहिला, आणि मग हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट वगैरे नेहमीसारखं. हॉप्स आधी का नाही घालायचे, तर हॉप्समधल्या कडू द्रव्यांसमोर हे बॅक्टेरिया टिकत नाहीत. साध्या बियरचा पीएच 4.2 ते 4.5च्या आसपास असतो, सावरचा 3.2 ते 3.5पर्यंत खाली येतो; हा आकडा जितका खाली तितकं आंबट. त्यामुळे तुम्हाला लिंबू आठवलं यात नवल नाही.

आता ती लागर. लागर स्वच्छ लागली पाहिजे, तिच्यात आंबटपणाला कामच नाही. माझा अंदाज टॅपच्या नळीवर जातोय. पिंपापासून टॅपपर्यंतची नळी वेळच्या वेळी धुतली नाही की आत बुळबुळीत थर साचतो, त्यात नको ते बॅक्टेरिया घर करतात आणि चांगली बियर शेवटच्या दहा फुटांत बिघडते. ओळखायची सोपी खूण म्हणजे आंबटपणाच्या जोडीला थिएटरमधल्या पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास येतो. नीट बनलेल्या सावरमध्ये हा वास येत नाही. पुढच्या वेळी हुज्जत न घालता फक्त एवढंच विचारायचं, 'लाइन शेवटची कधी क्लीन केली?' चेहऱ्यावरून उत्तर कळतं.

आणि हो, लाज न बाळगता मराठीत वास ओळखा. लोक इंग्रजी टेस्टिंग नोट्स पाठ करून येतात, पॅशनफ्रूट म्हणतात, गूसबेरी म्हणतात, त्यातल्या निम्म्यांनी गूसबेरी बघितलेलीसुद्धा नसते. आपल्याकडे खवट, कुबट, मातकट, तुरट, उग्र, सपक, मचूळ असे शब्द पडलेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. जुनी, हवा लागलेली बियर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, म्हणजे कुबट. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर बियर शिजवण्यात चूक. नेलपॉलिश आलं तर उग्र, ठेवून द्या. आंबटातसुद्धा बघा, ताकाचा आंबटपणा गोल असतो, जिभेच्या कडेने हळूच पसरतो, आणि व्हिनेगरचा नाकात जाऊन घशाला ओरखडतो. सावर बियरमध्ये पहिला हवा, दुसरा अगदी चिमूटभर चालतो. त्याहून जास्त असेल तर 'आंबट' म्हणू नका, 'आंबलीये' म्हणा आणि परत करा.

प्रश्न : ताई, आम्ही चार मैत्रिणी घरीच पाच-सहा बियर आणून चव घेऊन बघणार आहोत. कुठली आधी, कुठली नंतर, सोबत काय ठेवायचं? सगळ्यांचं म्हणणं चिवडा आणि शेजवान चकल्या हव्यातच. — ठाण्याहून एक वाचक

उत्तर : चकल्या हव्यातच, पण नंतर. आधी कुरमुरे किंवा साधा पाव आणि भरपूर पाणी. तिखटाने जीभ एकदा पेटली की पुढचं सगळं सारखंच लागतं.

प्रत्येकीला प्रत्येक बियर शंभर मिलीच्या वर नको, पाच झाल्या तरी अर्धा लिटर होतो हे लक्षात ठेवा. हलक्यापासून सुरू करा, मग सेझाँसारखी कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली फार्महाऊस (तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात), सावर त्याच्यानंतर. उलटं केलंत तर आंबटानंतर बाकी सगळ्या बियर मचूळ लागतील, आवळा खाल्ल्यावर पाणी गोड लागतं तसा काहीतरी प्रकार. आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सवाली कडू बियर, त्या दिवशी आणूच नका, कडवटपणा जिभेवर मुक्काम ठोकतो. फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, 8 ते 12 अंश पुरे. बर्फासारखी गार बियर चवीचं सगळं लपवते, स्वस्त बियरच्या जाहिरातीत बर्फ उगाच नसतो. ग्लास म्हणाल तर वाइनचे चालतात, मेणाचे कागदी कप नकोत.

पहिल्या घोटावर मत देऊ नका. आंबटाचा पहिला घोट फक्त धक्का असतो, तोंडाला पाणी सुटतं, डोळे मिटतात, संपलं. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला जीभ सावरते आणि मग धान्य, फळ, लाकूड वगैरे वर येतं. माझ्या सासूबाई पहिल्या घोटाला 'ई' म्हणाल्या होत्या आणि तिसऱ्याला म्हणाल्या, 'हे तर कैरीच्या पन्ह्यात गूळ विसरल्यासारखं लागतंय.' यापेक्षा चांगली टेस्टिंग नोट मी आजवर वाचलेली नाही.

शेवटी एक खेळ करा. तीन ग्लास घ्या, दोनात एकच बियर, तिसऱ्यात जवळपास तशीच पण दुसरी, आणि डोळ्यांवर ओढणी बांधून वेगळी कोणती ते ओळखायचं. ब्रुअरीतले लोक स्वतःची परीक्षा अशीच घेतात. आमच्याकडे दिराने हा खेळ मांडला, ग्लास कमी पडले म्हणून चहाच्या कपांत, आणि मी इतकी वर्षं बियरवर लिहिणारी बाई, ठामपणे मधल्या कपावर बोट ठेवलं, वर कारणही दिलं, की यात लाकडाचा तुरटपणा जास्त आहे. मधला आणि डावा एकच होते. दीर अजून दिवाळीला ऐकवतो. पण त्यानंतर मी 'जास्त चांगली, कमी चांगली' हे लेबल बघून बोलणं बंद केलं, बाटली झाकून ठेवते.

प्रश्न : मेन्यूत 'फार्महाऊस एल' वाचून आमच्या ह्यांना वाटलं लोणावळ्याच्या कुणाच्या तरी फार्महाऊसवर बनते. म्हणजे नक्की काय असतं? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमचे हे फार चुकलेले नाहीत हो, शेतावरची बियर हाच अर्थ आहे, फक्त स्विमिंग पूल नाही.

सगळ्यात प्रसिद्ध ती सेझाँ, बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातली, वालोनियातला एनो प्रांत. सेझाँ म्हणजे हंगाम. शेतात काम नसताना थंडीत बनवायची आणि उन्हाळ्यात कामावरच्या माणसांना पाजायची असं सांगतात, यात थोडी मीठमिरची लावलेली असणार, पण शेत आणि ब्रुअरी एकाच अंगणात असायची हे खरं. तिथल्या तूर्प गावातली डुपाँ ब्रुअरी अशीच, 1844 पासून शेतावर बियर होत होती. तिची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही बापाला पटेल. 1920 साली आल्फ्रेड डुपाँने ती विकत घेतली, का, तर मुलगा लुई कॅनडाला जायच्या गोष्टी करत होता, त्याला घरी ठेवायला. पोरगा राहिला, आणि सेझाँ डुपाँ आज जगभर या प्रकाराचं माप मानली जाते.

6.5 टक्के अल्कोहोल, पण अंगावर येत नाही, कारण त्यांचं यीस्ट साखर जवळजवळ पुरती खाऊन टाकतं, गोडवा मागे ठेवतच नाही. वर हे यीस्ट 30 अंशांच्या पुढच्या उष्णतेत खुशीत काम करतं, जिथे बाकीची यीस्ट बिनसतात आणि नको ते वास सोडतात. ग्लासात ओतली की पांढरा फेस असा चढतो की दोनदा थांबावं लागतं. वासाला पिकलेलं संत्र, मागून मिरे कुटल्यासारखं काहीतरी, मिरे न घालता, ते सगळं यीस्टचं. आणि शेवट खडखडीत कोरडा. आंबट नाही, हे मुद्दाम सांगते, कारण मेन्यूत फार्महाऊस आणि सावर एकाच रकान्यात लिहिलेलं असतं आणि लोकांना दोन्ही एकच वाटतात. आंबटपणाची हलकी छटा असलेल्या सेझाँ असतात, पण तो त्या बियरचा मूळ स्वभाव नाही.

मला स्वतःला मात्र सेझाँपेक्षा नॉर्वेची गोष्ट जास्त आवडते. तिथल्या पश्चिमेकडच्या खेड्यांत, व्हॉस वगैरे भागात, शेतकऱ्यांनी घरचं यीस्ट पिढ्यान् पिढ्या सांभाळलं, त्याला क्वाइक म्हणतात. लाकडाच्या कोरीव कड्या करून त्या यीस्टमध्ये बुडवायच्या, वाळवून टांगून ठेवायच्या, आणि पुढच्या वेळी बियर करताना कडी आत टाकायची. आणि कुणाचं बिघडलं तर शेजाऱ्याकडून आणायचं. वाटी घेऊन 'वहिनी, जरा विरजण द्या हो' म्हणणारी माणसं नॉर्वेतही आहेत हे वाचून मला इतकं बरं वाटलं. हे यीस्ट 35-40 अंशांत दोन-तीन दिवसांत काम उरकतं, म्हणून गरम देशांतल्या ब्रुअर्सचं त्याच्यावर प्रेम बसलंय, आपल्याकडे तर मे महिन्यात कूलिंगचं बिल बघून बसायलाच हवं.

प्रश्न : मुलगा ॲमस्टरडॅमला असतो, जूनमध्ये जाणार आहोत, त्यात दोन दिवस ब्रसेल्स. तुम्ही लिहिलेली ती 'गोझं' तिथे कुठे मिळेल? बायको पीत नाही, तिला कंटाळा येऊ नये अशी जागा सांगा. — एक निवृत्त वाचक, कोल्हापूर

उत्तर : काका, आधी नावाचा घोळ मिटवू. 'गोझं' जर्मनीची, गोस्लार गावची, पुढे लाइपझिगने आपली केली. तिच्यात मीठ आणि धने असतात, म्हणजे चक्क मसाला ताक. तुम्हाला ब्रसेल्समध्ये हवी ती 'ग्योझ', ओठांचा चंबू करून म्हणायची, नाही जमलं तरी वेटरला कळतं. दोघी आंबट, पण पहिली काही आठवड्यांत तयार होऊ शकते आणि दुसरीला तीन वर्षं लागतात.

जागा एकच सांगते, कांतियाँ ब्रुअरी. मिडी स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटं, अँडरलेख्त भागात. बाहेरून गॅरेजसारखी दिसते, मी पहिल्यांदा गेले तेव्हा पत्ता चुकला म्हणून पुढे निघून गेले होते. 1900 साली सुरू झालेली, अजून घरातल्याच लोकांकडे, आणि आत संग्रहालय आहे, त्यामुळे काकूंनाही बघायला मिळेल, प्यायलाच पाहिजे असं नाही.

वर माळ्यावर जा. तिथे तांब्याचा एक अवाढव्य, उथळ हौद आहे, आपली जिलबीची कढई खोलीएवढी केली तर कशी दिसेल तसा. थंडीच्या महिन्यांत खाली गव्हाचं आणि माल्टचं पाणी उकळतात, गहू जवळपास एक तृतीयांश आणि तोही मोड न आणलेला, आणि हॉप्स मुद्दाम जुने, दोन-तीन वर्षं ठेवून कडवटपणा गेलेले. ते गरम पाणी या हौदात आणून सोडतात आणि रात्रभर खिडक्या उघड्या. यीस्ट कुणी टाकत नाही. हवेतलं, छपराच्या लाकडातलं, भिंतींवरचं जे काय असेल ते आत उतरतं. सकाळी ते लाकडी पिंपांत. उन्हाळ्यात हे करत नाहीत, हवेत भलते जंतू वाढतात आणि पाणी वेळेत गारही होत नाही, त्यामुळे जूनमध्ये तुम्हाला हौद रिकामा दिसेल, पण वास असतो. कोळ्यांची जाळी दिसतील, ती झाडत नाहीत, कारण फळांवर येणाऱ्या चिलटांचा बंदोबस्त कोळी करतात. काकूंना सांगा, हा आळस नाही, पगारी नोकर आहेत ते.

पिंपातली ती लॅम्बिक. तिला फेस नसतो, प्यायला जवळजवळ सपाट. मग एक वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची अशा लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरतात, कोवळीतली उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते, त्यातून बुडबुडे येतात, आणि ती ग्योझ. किती कुठल्या पिंपातली घ्यायची हे चाखून ठरवायचं, आणि सगळं कसब तिथे आहे. आंबट चेरी घालून केली की क्रीक.

पहिला वास आला की दचकू नका. माथेरानला दस्तुरीवरून वर चालत जाताना पाऊस पडून गेलेला असतो, पुढे घोडे गेलेले असतात, तो वास आठवा. ओली माती, चामडं, गवत, तबेला. हे ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचं काम. 1904 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत क्लाउसन नावाच्या शास्त्रज्ञाने ते ओळखलं, इंग्लंडच्या मुरवलेल्या बियरमध्ये सापडलं म्हणून नावात ब्रिटन आलं. वाइनवाले या यीस्टला शिव्या घालतात आणि ग्योझवाल्यांचं त्याच्यावाचून पान हलत नाही. वासाच्या मागून चव येते ती मात्र एकदम स्वच्छ, लिंबाचं साल, कच्चं सफरचंद, शेवटाला लाकडाचा तुरटपणा, हरड चोखल्यासारखा. पहिल्या ग्लासाला मला आवडली नव्हती. गेंटला नोकरीला होते तेव्हा ऑफिसातल्या एकीने शिंपल्यांच्या पातेल्याबरोबर पुन्हा पाजली, गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात तेच, आणि तिथे गणित सुटलं. तुम्हीही रिकाम्या पोटी पिऊ नका.

गोड हवी असेल तर बेल्जियमच्याच फ्लँडर्सकडची रोडेनबाख मागवा, ओकच्या उंच उंच पिंपांत मुरलेली, लालसर, चेरी आणि किंचित व्हिनेगर, चिंच-गुळाच्या आमटीची सवय असलेल्या माणसाला ती पहिल्याच घोटात कळते. कोल्हापूरच्या माणसाला जरा मिळमिळीत वाटेल कदाचित, पण बघा.

प्रश्न : ग्योझची बाटली आणली तर किती दिवस टिकते? फ्रीजमध्येच ठेवायची का? — औंधहून

उत्तर : नीट ठेवली तर वर्षानुवर्षं, अंधारात आणि गार जागी. पुण्याच्या एप्रिलमध्ये माळ्यावर नको. 2009 साली ब्रसेल्सजवळच्या बियर्सेल गावात, ग्योझ बनवणाऱ्या थ्री फॉन्टेनेनमध्ये गोदामाचा थर्मोस्टॅट बिघडला, खोली भट्टीसारखी तापली, हजारो बाटल्या फुटल्या आणि बाकीच्या पिण्यालायक राहिल्या नाहीत, शेवटी त्या बियरची दारू गाळली त्यांनी. उजेडही वाईट, हॉप्सवर ऊन पडलं की घाणेरडा वास येतो, आणि हिरव्या बाटलीतल्या बियरला हे लवकर होतं. विमानाने आणताना ड्यूटी फ्री मर्यादा माणशी 2 लिटर, म्हणजे 750च्या दोन आणि 375ची एक बसते. स्वेटरमध्ये गुंडाळा. तळाशी गाळ असतो, उघडण्याआधी हलवू नका, आणि बूच उडतं, झुंबराखाली उघडू नका.

प्रश्न : मित्र म्हणतात सावर म्हणजे बायकांची बियर, खरा माणूस आयपीए पितो. काय उत्तर देऊ? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तीन वर्षांची ग्योझ पाजा आणि चेहरे बघा.

प्रश्न : मला ॲसिडिटी आहे, सावर चालेल का? — दादर

उत्तर : हे मला नका विचारू, डॉक्टरांना विचारा. मला विचाराल तर, संत्र्याचा रस सोसत नसेल तर ही कशी सोसेल?

प्रश्न : कोकम घालून घरच्या घरी सावर करता येईल का? यूट्यूबवर सोपं दाखवतात. — रत्नागिरीहून एक विद्यार्थी

उत्तर : ते यूट्यूबवाले अमेरिकेत बसलेत बाळा, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बियर बनवता येत नाही, आणि तू एकवीसचा झालायस का ते आधी सांग. कोकम बियरमध्ये छान लागतं हे खरं, रंग येतो आणि आंबटाबरोबर किंचित खारट तुरटपणा येतो, ब्रुअरीवाल्यांनी गोझंमध्ये ते घालावं यात आश्चर्य नाही.

तोपर्यंत आंबील कर. नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून झाकून ठेव, पातेलं मोठं घे, उतू जातं. सकाळी झाकण काढून आधी वास घे, धान्याचा, ताकाचा, वर बारीक बुडबुडे दिसतील. मग पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजव, गुठळी होऊ देऊ नकोस, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण, गार झाल्यावर पुन्हा थोडं ताक. एक वाटी आठ तास आंबवलेली आणि एक सोळा तास, दोन्ही शेजारी ठेवून चाख आणि फरक काय वाटला ते मला लिही, 'मस्त' हा शब्द न वापरता.